ट्रॉलीला काय, कुठलाही टायर चालतो?

मंडळी, या वेळचा विषय टायर. मराठीच्या मास्तराचा आणि टायरचा काय संबंध, असे आमच्या घरातूनच विचारून झाले आहे. तेव्हा तुम्हीही विचारलेत तर राग नाही. पण रोज डोळ्यांना दिसते आणि मनाला खटकते त्यावर लिहायचे, एवढा एकच नियम मी इथे पाळत आलो आहे. आणि गेली काही वर्षे मला खटकते आहे ते आमच्याकडच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीचे चाक.

"ट्रॉलीला काय, कुठलाही टायर चालतो." हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. मालक म्हणतो, ड्रायव्हर म्हणतो, आणि टायर बसवून देणाराही म्हणतो. ट्रॅक्टरला नवे कोरे टायर, आणि ट्रकवरून उतरलेले, रिमोल्ड केलेले, किंवा पार गोटा झालेले जे काय असेल ते ट्रॉलीला. एका कण्याच्या दोन टोकांना दोन जातींचे टायर, ही तर इतकी नेहमीची गोष्ट आहे की कुणी मान वळवून बघतही नाही. यामागचा हिशेब साधा आहे. इंजिन पुढे आहे, स्टिअरिंग पुढे आहे, ब्रेक पुढे आहेत. ट्रॉली बिचारी मागून येते. तिला काय कळते?

माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. पुढचा ट्रॅक्टर सरळ राहणार की आडवा होणार, हे अवघड वेळी मागची ट्रॉली ठरवते. आणि ट्रॉली काय ठरवणार, हे तिच्या टायरांवर असते. कोकणात तर हे जास्तच खरे आहे. का, ते सांगतो.

आमच्या मालगुंडाची ठेवण ज्यांनी पाहिली आहे त्यांना पटकन कळेल. खाली समुद्र आणि पुळण. तिला लागून माडांच्या वाड्या, घरे, देवळे. आणि मागे घाटी चढून गेले की कातळाचा सडा. केशवसुतांचे स्मारक बघायला येणारी मंडळी गणपतीपुळ्याहून येतात आणि तशीच परत जातात, त्यामुळे वरचा सडा त्यांना फारसा दिसत नाही. पण आमच्या भागातल्या चिरेखाणी सड्यावर असतात आणि बांधकामे बहुतेक खाली. म्हणजे ट्रॉली वर जाते ती रिकामी, आणि भरते ती उतरताना. चिरा उतरतो, खडी उतरते, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर उतरतो. देशावर उसाच्या पट्ट्यात, कोल्हापूर-सांगलीकडे, ट्रॅक्टरवाल्याची खरी लढाई असते ती भरलेली ट्रॉली चिखलाच्या रानातून ओढून रस्त्याला लावण्याची. आमच्याकडे लढाई ओढण्याची नाही, थोपवण्याची आहे. ओढताना मागचा टायर कसाही असला तरी निभावते. थोपवताना निभावत नाही.

जुन्या गाडीवानांना हे पक्के ठाऊक होते. लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची तेव्हाही उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येई, आणि ती थोपवायला चाकाला ओंडका बांधत. भार कण्याच्या मागे गेला की दांडी वर उचलली जायची, त्याला 'गाडी उलाळ झाली' म्हणत. भार फार पुढे आला तर बैलांच्या मानेवर ओझे. म्हणून भरणारा माणूस पोती मागे-पुढे सरकवून दांडी हाताने उचलून बघायचा आणि मगच जू चढवायचा. आज अमेरिकेत गाडीमागे ट्रेलर जोडणाऱ्याला सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा दहा ते पंधरा भाग जोडावर पडला पाहिजे, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. गाडीवान आकडे सांगत नव्हता, पण तपासत तेच होता.

पुढे धाव गेली आणि हवा आली. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले होते, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला आणि तो जगभर पसरला. त्याच नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे निघाला, आणि पुढे कित्येक ठिकाणी टायरच्या बैलगाडीला लोक 'डनलॉप गाडी'च म्हणू लागले. हवेच्या टायरमुळे बैलांचे कष्ट कमी झाले, भार वाढला. मग बैल गेले, ट्रॅक्टर आला, भार आणखी वाढला आणि वेगही वाढला. उतारावर लावायचा ओंडका मात्र त्या सगळ्या बदलात कुठेतरी गळून पडला. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना चालू स्थितीतला ब्रेक नसतो, हे कुणीही रस्त्याच्या कडेला उभे राहून वाकून बघावे.

आता टायरकडे येऊ. टायर हा काळा, गोल आणि मुका दिसतो, पण त्याला तीन कामे असतात. भार पेलणे, पुढे-मागे पकड धरणे, आणि आडवी पकड धरणे. पहिली दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसरे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ट्रॉलीच्या बाबतीत तेच सर्वांत महत्त्वाचे.

चाकाचे तोंड जिकडे असते, टायर तंतोतंत तिकडेच जातो असे नाही. वळणावर रस्त्याला चिकटलेला रबराचा तुकडा थोडा पिळला जातो, टायरची बाजू थोडी वाकते, आणि चाक तोंडापेक्षा किंचित बाहेरच्या अंगाने सरकत जाते. प्रत्येक टायर हे करतो, त्यात दोष काही नाही. प्रश्न किती सरकतो हा आहे. हवा कमी असली की बाजू मऊ पडते आणि सरकणे वाढते. बाजूची भिंत मुळातच पातळ असली तरी वाढते. डाव्या-उजव्या चाकाला वेगळ्या जातीचे टायर असले तर एक जास्त सरकतो, एक कमी, आणि ट्रॉली एका अंगाला ओढत राहते. गॅरेजमध्ये 'नायलॉन' आणि 'रेडियल' असे दोन शब्द ऐकू येतात. नायलॉनच्या टायरात आतले धागे तिरके, एकावर एक आडवे-उभे घातलेले असतात. रेडियलमध्ये ते कडेपासून कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पट्टा असतो. दोघांचे वाकणे निराळे. म्हणून एका कण्यावर एक हे आणि एक ते, असे कधीच घालू नये. मोटारीच्या बाबतीत हे सगळे मान्य करतात. ट्रॉलीला मात्र "चालते".

ट्रॉली जोडली की एक नवीन गोष्ट होते. जोडाची पिन ट्रॅक्टरच्या मागच्या कण्याच्याही मागे असते. तिथे बाजूने धक्का बसला तर तो तरफेसारखा काम करतो. दारावर बिजागरीपाशी हात ठेवून ढकला आणि कडीपाशी ठेवून ढकला, फरक कळेल. ट्रॉली वळणावर बाहेर सरकली तर ती ट्रॅक्टरचा मागचा भाग बाहेर ओढते, आणि ट्रॅक्टरचे तोंड ड्रायव्हरने न सांगता आत वळते. उतारावर ट्रॉली मागून रेटत असेल आणि त्याच वेळी ट्रॅक्टर थोडा तिरका असेल, तर तो रेटा सरळ न लागता तिरका लागतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची आडवी पकड पुरली तर ठीक. नाही पुरली तर ट्रॅक्टर आडवा, आणि ट्रॉली त्याच्या अंगावर. हे सगळे व्हायला दोन-तीन सेकंद पुरतात.

आणि ती पकड कितीशी शिल्लक असते? टायरची पकड म्हणजे आमच्या पेन्शनसारखी, ठरलेली. औषधात जास्त गेली की किराण्याला कमी उरते. उतारावर इंजिनाचा रोध आणि ब्रेक ही दोन्ही कामे ट्रॅक्टरची मागची दोन चाके करतात, कारण सर्वसाधारण ट्रॅक्टरला पुढे ब्रेक नसतात. दोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे भरलेली सहा टनांची ट्रॉली धरली, तर आठ टन थोपवण्याचे काम त्या दोन टायरांवर येते. पकडीचा बहुतेक भाग तिथेच खर्च होतो. आडव्या धक्क्यासाठी जे उरते ते थोडे. म्हणूनच आडवा धक्का येऊच न देणे हे ट्रॉलीच्या टायरांचे काम आहे. वेगाचाही हिशेब बघा. ताशी २० किलोमीटरचा वेग ३० झाला तर आपल्याला दीडपट वाटतो, पण थोपवायची ताकद सव्वादोनपट लागते.

शिवाय ट्रॅक्टरचा टायर मुळात रस्त्यासाठी केलेलाच नसतो. त्याच्यावरचे ते उंच, तिरके दात चिखलात रुतून पकडण्यासाठी असतात. डांबरावर टेकतात ती फक्त दातांची टोके. मधली जागा हवेतच. ओल्या डांबरावर त्याची पकड दिसते त्यापेक्षा कितीतरी कमी. पुढच्या चाकांची तऱ्हा वेगळी. जोड उंचावर असला किंवा मागचा भार जोडावर दाबत असला की चढावर ट्रॅक्टरचे नाक हलके होते. मग स्टिअरिंग फिरवले तरी पुढची चाके नुसती घासत जातात. यावर उपाय म्हणून पुढे वजने लावतात, मागच्या टायरात पाऊण भाग पाणी भरतात. ते योग्यच आहे. पण यातला प्रत्येक उपाय ट्रॅक्टरसाठी आहे. ट्रॉलीसाठी कोण काय करते?

हा प्रश्न मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारला. त्याचा टायर-पंक्चरचा धंदा आहे, आणि वर्गात गणिताला कंटाळणारा हा मुलगा आता हवेचा आकडा तोंडपाठ सांगतो. तो म्हणाला, "सर, ट्रॅक्टरचा टायर गोटा झाला की मालकाला लगेच कळतं. चाक जाग्यावर फिरतं, काम अडतं. ट्रॉलीचा गोटा झाला तर काय अडतं? काय नाय. ती आपली मागनं येते."

मला वाटते, सगळ्या प्रश्नाचे मूळ त्याच्या या बोलण्यात आहे. ट्रॅक्टरचा टायर रोज तक्रार करतो. ट्रॉलीचे चाक नुसते फिरत असते. त्याला ना इंजिनाचा जोर, ना ब्रेकचा. त्यामुळे ते वर्षभर कुरकुर करत नाही. ज्या दिवशी आडव्या पकडीची गरज पडते त्या एकाच दिवशी ते पहिल्यांदा बोलते, आणि त्या दिवशी ऐकून उपयोग नसतो.

त्याने आणखी एक प्रश्न टाकला, आणि तो मला बिनतोड वाटावा असाच होता. "ट्रॉलीला ब्रेकच नाहीत सर, मग नक्षी असली काय आणि नसली काय?" याचे उत्तर वर येऊन गेले आहे. नक्षी थांबण्यासाठी नको असेल, पण आडवे न जाण्यासाठी हवी. त्यातही एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. कोरड्या, स्वच्छ डांबरावर गोटा टायरही बरा पकडतो. मार्च-एप्रिलमध्ये गोट्या टायरांची ट्रॉली बिनघोर उतरते, आणि त्यामुळेच मालकाचा विश्वास वाढतो. पण आमचा रस्ता कोरडा आणि स्वच्छ असतो कधी? चिऱ्याच्या ट्रॉल्यांतून सांडलेली तांबडी माती बारा महिने वळणावर साठलेली असते. मृगाच्या पहिल्या सरीने तिची साय होते. नक्षीच्या कडा ती साय कापून खाली डांबरापर्यंत पोचतात. गोटा टायर त्या सायीवर बसतो आणि घसरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये असे सांगितले आहे. त्यासाठी मोजपट्टीही लागत नाही. टायरच्या खाचांत तळाशी मध्ये मध्ये लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपले. ट्रॉलीला पावसातले आमचे उतार उतरायचे असतील तर मी म्हणेन त्याच्याही बऱ्याच आधी बदला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. विसर्जनाचा दिवस, दुपारपासून रिपरिप. एका वाडीचे चार-पाच गणपती एका ट्रॉलीत, बरोबर टाळ-मृदंगवाले आणि पोरेटोरे. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या वळणावर ट्रॉलीचा मागचा भाग हळूहळू, अगदी सावकाश म्हणावे असा बाहेर सरकला. ट्रॅक्टरचे तोंड आत वळले. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तसा तो आणखीच तिरका झाला, आणि सगळे मिळून रस्त्याकडेच्या गडग्याला जाऊन टेकले. गडगा ढासळला, दोन मुलांना खरचटले, मूर्ती शाबूत राहिल्या. गजाननाची कृपा, असे सगळे म्हणाले. मग ड्रायव्हरला शिव्या घालून झाल्या. मी गडग्याशी उभा होतो म्हणून मला ट्रॉलीची चाके दिसली. बाहेरच्या अंगाचा टायर आरशासारखा गुळगुळीत, दुसऱ्यावर रबर चढवलेले आणि त्याचा एक पापुद्रा सुटलेला. त्या मुलाने काय करायला हवे होते? त्याने ब्रेक दाबण्याआधीच निकाल लागलेला होता, आणि तो लावणारा माणूस घरी बसला होता. टायरची काटकसर करतो एक, आणि किंमत मोजतो दुसरा. माझा राग आहे तो यावर.

परदेशात हे कसे आहे, असा प्रश्न मी आमच्या एका भाच्याला फोनवर विचारला. तो मिशिगनमध्ये असतो आणि सुट्टीत मोटारीमागे छोटी बोट ओढून तळ्यावर जातो. तिथे ट्रेलरच्या टायरांचा वर्गच निराळा. त्यांच्यावर 'एसटी' अशी अक्षरे असतात (आपली लाल परी नव्हे, 'स्पेशल ट्रेलर'). त्यांच्या बाजूच्या भिंती मोटारीच्या टायरपेक्षा ताठ, कारण मोटारीच्या टायरला आराम द्यायचा असतो आणि ट्रेलरच्या टायरला डुलायचे नसते. यातल्या कितीतरी टायरांना ताशी ६५ मैलांची मर्यादा असते, आणि रस्ता मोकळा आहे म्हणून ती ओलांडायची नसते. हवा कमी ठेवली की ताठ भिंतही मऊ होते, म्हणून निघताना हवा तपासणे हा तिथे रिवाज आहे. ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या टायरांचीही तीच गत. त्यांच्यात हवा कमी असेल तर ट्रेलरच्या प्रत्येक हिसक्याला गाडीचे बूड हलते. आणि तरीही ट्रेलर डुलू लागलाच, तर ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. हे शेवटचे वाक्य तुमच्यापैकी जे तिकडे कॅरॅव्हॅन किंवा बोट ओढतात त्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे असे टायर मिळत नाहीत असे कुणी म्हणेल, तर ते खरे नाही. ट्रॉलीसाठी म्हणून केलेले ९.००-१६ या मापाचे टायर सर्रास मिळतात, सरळ खाचांची नक्षी आणि भार पेलणाऱ्या जाड बाजू असलेले. ते कुणी मागत नाही, एवढेच.

खर्चाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. आमच्याकडचा ट्रॅक्टरमालक म्हणजे कुणी कारखानदार नव्हे. कर्जाचा हप्ता असतो, पावसाचे चार महिने चिऱ्याचे काम जवळजवळ बंद असते, आणि भाड्याचा दर तो ठरवत नाही, घर बांधणारा ठरवतो. म्हणजे मीही त्यात आलो, तुम्हीही आलात. चार खेपांचे काम तीन खेपांत करून द्या, पैसे थोडे कमी करा, असे म्हणणारे आपणच. चौथ्या खेपेचे चिरे मग पहिल्या तीन खेपांवर चढतात. तेव्हा मालकाला एकट्याला उपदेश करून भागणार नाही. माझा आग्रह एवढाच की पैसा थोडा असेल तर तो कुठे लावायचा याचा क्रम बदलावा. चांगली जोडी आधी ट्रॉलीला. कारण ट्रॅक्टरचा झिजलेला टायर काम अडवून सांगेल. ट्रॉलीचा सांगणार नाही.

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. एका कण्यावर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखेच झिजलेले टायर ठेवावेत. घरात चार असतील तर त्यांच्या जोड्या नीट लावाव्यात. हवा त्या टायरच्या बाजूवर लिहिल्याप्रमाणे भरावी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला शेतात १२-१४ पौंड पुरते म्हणून ट्रॉलीलाही अंदाजाने तेवढीच मारून पाठवू नये, तिला कितीतरी जास्त लागते. टायरवर चार आकड्यांची तारीख असते तीही वाचावी. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ट्रॉली वर्षातले कित्येक महिने उन्हात उभी असते, त्यामुळे तिचा टायर धावून कमी आणि उभा राहून जास्त मरतो. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा दिसल्या की तो म्हातारा झाला. दहा वर्षांपलीकडे टायर वापरू नये असे अनेक कंपन्या सांगतात. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक शेतात वेगवेगळे वापरायचे असतात, पण रस्त्यावर येताना दोन्ही पेडले जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे; नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर स्वतःच आडवा होतो आणि ट्रॉलीला निमित्तच मिळते. उतार लागण्याआधी खालचा गिअर टाकावा, मध्यावर नव्हे. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही.

राहिली शेवटची गोष्ट, आणि मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते तिच्यावर. माल वाहायच्या ट्रॉलीत माणसे बसवू नयेत. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून येणारी तोडणी कामगारांची कुटुंबे संसारासकट ट्रॉलीवर बसून येतात-जातात, रात्री-अपरात्री, लेकरे कुशीत घेऊन. त्यांना पर्याय नसतो. आपल्याला असतो. शिमग्याला, लग्नाच्या वऱ्हाडाला, गणपती पोचवायला आपण हौसेने ट्रॉलीत चढतो, आणि पोरांना आधी चढवतो. मंडळाच्या वर्गणीतून मांडव होतो, दिवे होतात. त्यातून मूर्तींसाठी ट्रॉली आणि माणसांसाठी वेगळी गाडी होणे अशक्य नाही. ते जमत नसेल तर मुलांनी मागून चालत यावे. किनारा काही फार लांब नाही, आणि मिरवणूक तर चालतच काढायची असते.

असो. मास्तरकी सुटत नाही हे खरे. यंदा आमच्या वाडीत मी एवढेच सुचवले आहे की ट्रॉली ठरवायला जो जाईल त्याने भाडे विचारायच्या आधी वाकून चारही टायर बघावेत, आणि बाहेरच्या अंगाचे दोन तर हात फिरवून बघावेत. दोघा-तिघांनी हो म्हटले आहे, एक जण हसला. तुमच्या गावात कुणी ट्रॅक्टर ठेवून असेल तर त्याला हे वाचून दाखवा. आणि त्याचे म्हणणे माझ्याहून वेगळे असेल तर मला जरूर कळवा. रस्त्यावर रोज तो असतो, मी फक्त गडग्याशी उभा असतो.